विहीणबाईंचे चीज मांजू

हॅरो,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय अरुणा,

फोनवर माझं "हो, बरा आहे" म्हणून झालं की पुढे गाडी जात नाही, हे तुला ठाऊक आहे. शालन दर महिन्याला तुला पत्र लिहायची. ती गेल्यावर ते काम मी अंगावर घेतलं. सुरुवातीला चार ओळींत संपायचं, आता पान पुरत नाही.

बातमी अशी की प्रणव आणि चिहिरो माझ्याकडे राहायला आले आहेत. एजवेअरचा त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट सारखी बंद. इथे घर रिकामंच होतं. मी एकटा माणूस, एक शेगडी आणि मायक्रोवेव्ह यावर माझं भागत होतं. बाकी स्वयंपाकघर तुझ्या ताईने ठेवलं होतं तसंच होतं.

परवा चिहिरोने विचारलं, "बाबा, ओव्हन वापरला तर चालेल?" ओव्हन उघडला तर आत शालनच्या कढया, तवे, पापड भाजायची जाळी. तिने तो कधी ओव्हन म्हणून वापरलाच नाही, तिचं ते कपाट होतं. आम्ही दोघांनी मिळून सगळं बाहेर काढलं, पुसलं आणि खालच्या फळीवर लावलं. चिहिरो प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी उचलत होती.

ती जपानच्या दक्षिणेकडची, मियाझाकी प्रांतातल्या निचिनान गावची. समुद्राकाठचं गाव आहे. तिच्या आईचं, म्हणजे आपल्या विहीणबाई फुमिको यांचं, तिथे मिठाईचं छोटं दुकान आहे. मांजू म्हणून जपानी लोकांचा एक जुना गोड पदार्थ असतो. पिठाची पातळ पारी आणि आत घेवड्याचं गोड पुरण, आपल्या कडबूचा गोल भाऊ म्हण. पण त्यांच्या भागात पुरणाऐवजी आत चीज घालतात आणि मांजू भाजतात. विहीणबाईंनी लग्नानंतर दुकानात चीज आणलं तेव्हा सासरे म्हणाले होते, ही मिठाई नाही, हा नाश्ता आहे. आता दुकान त्याच्यावरच चालतं.

चिहिरोला गेले काही आठवडे तेच खावंसं वाटतंय आणि लंडनमध्ये ते कुठे मिळत नाही. म्हणून घरी खटाटोप. पहिला घास घेतला तेव्हा मला वाटलं हिचं काहीतरी चुकलं. बाहेरून नानकटाईसारखं गोड, आत खारट-आंबट. दुसऱ्या घासाला चुकलं नसावं असं वाटलं. तिसरा मांजू मी न विचारता घेतला.

तुला डॉक्टर म्हणून एक विचारायचंय. असं चीज रोज खाल्लं तर चालतं का? कुठलं चालतं, कुठलं टाळावं? सहज विचारतोय.

दिवाळीला येशील का? मुलं आहेत, घर हलतं आहे.

विष्णू

*

ग्लासगो,
१५ ऑक्टोबर २०२४

भाऊजी,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, चालत नाही. वय बहात्तर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू, आणि म्हणे रोज चीज. तिसरा न विचारता घेतला हे तुम्ही कौतुकाने लिहिता. आठवड्यातून एक, तोही अर्धा. ताई असती तर डबा उंच फळीवर ठेवला असता.

तिच्या कढया तुम्ही खालच्या फळीवर लावल्या. तिला गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं, म्हणून तिने त्या भिंतीतल्या उंच ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या. आता वाकायला ती नाही, तेव्हा कुठेही ठेवलेल्या चालतीलच. मला उगीच लागलं, हे लिहून टाकते. चिहिरोचा यात काही दोष नाही. तिला ओव्हन हवा होता, तिने विचारून घेतला. पण तुम्ही इतक्या सहज लिहिलंत की जणू जुनं सामान आवरलं.

दिवाळीला मला जमणार नाही. इथे थंडी सुरू झाली आहे, प्रवास झेपत नाही. प्रणवला आशीर्वाद. फ्लॅट सोडण्याइतकी लिफ्ट खराब होती तर कौन्सिलकडे तक्रार का नाही केली त्याने?

गोळ्या वेळेवर घ्या.

अरुणा

*

हॅरो,
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अरुणा,

सहज नव्हतं ते. मला लिहिता आलं नाही एवढंच. कढया लावून झाल्यावर मी बागेत जाऊन उभा राहिलो होतो आणि चिहिरोने बराच वेळ मला हाक मारली नाही. तिला कळतं.

दिवाळी झाली. मंडळाचा फराळ नेहमीच्या हॉलमध्ये होता. प्रत्येक घराने एक पदार्थ न्यायचा असतो. गेल्या वर्षी मी दुकानातला चिवडा नेला होता आणि कुणी काही म्हणालं नव्हतं, तेच जास्त लागलं होतं. या वेळी चिहिरो म्हणाली, मी करते. करंजी शिकायची होती तिला. मला काय येतंय? मग तिने फोनवर बघितलं आणि सारण स्वतःच्या मनाने केलं. क्रीम चीज, ओलं खोबरं, वेलदोडा, थोडी साखर. तळण्याऐवजी भाजल्या.

पण मुरड बघायला हवी होतीस. खुर्चीत बसून, पाठीला उशी लावून, एकेक करंजी तळहातावर घेऊन तिने अंगठ्याने अशी मुरड घातली की मी बघत राहिलो. म्हणाली, लहानपणापासून मांजूची तोंडं बंद करते आहे, बोटांना सवय आहे.

हॉलमध्ये मंडळाच्या नंदाताई कुलकर्णी माझ्या डब्यापाशी आल्या. एक खाल्ली, दुसरी घेतली. मग म्हणाल्या, शालनची पद्धत का ही? मी म्हटलं, नाही, सुनेची. डबा रिकामा परत आणला. चिहिरो आली नव्हती, तिची पाठ दुखत होती आणि इतका वेळ उभं राहणं बरं नाही. घरी येऊन तिला रिकामा डबा दाखवला, तर तिने तो उलटा करून खात्री केली.

माझ्या कोलेस्टेरॉलवर रागावू नकोस. ते मी माझ्यासाठी विचारलंच नव्हतं. उत्तर मात्र अजून हवं आहे.

विष्णू

*

ग्लासगो,
१२ नोव्हेंबर २०२४

भाऊजी,

मी तीस वर्षं जीपी होते. एक मुलगी तिसऱ्या मजल्यावरून खाली राहायला येते. तिला एकच पदार्थ खावासा वाटतो. ती बसून करंज्या वळते, पाठीला उशी घेते, समारंभाला जात नाही. आणि तिचा सासरा, ज्याने जन्मात कधी खाण्याबद्दल प्रश्न विचारला नाही, तो मला विचारतो की कुठलं चीज चालतं. आणि मी तुम्हाला गोळ्यांवरून रागावले.

पाचवा की सहावा? सांगू नका. तिने तुम्हाला सांगू नका म्हटलं असणार, आणि तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. आधी दोनदा काय झालं ते प्रणवने मला एकदा सांगितलं होतं. मला कळलं आहे हे तिला कळू देऊ नका. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल.

आता नीट उत्तर. डब्यातलं साधं क्रीम चीज चालतं, दूध पाश्चराइज्ड आहे ना एवढं बघा. चेडरही चालेल. बुरशीचं, निळ्या रेषांचं, मऊ सालीचं नको. मांजू भाजलेला असतो, तेव्हा तिला हवे तेवढे खाऊ दे. तुम्ही अर्धाच.

थंडीचं कारण खोटं होतं. मी इथे चाळीस थंड्या काढल्या आहेत. खरं असं आहे की ताई गेली त्या आठवड्यात मी तिच्या स्वयंपाकघरात चहा करायला गेले होते. दारामागे तिचं करडं कार्डिगन लटकत होतं, खिशात बडीशेपेची पुडी, अर्धी मुडपलेली. तेव्हापासून मला त्या घरात यायचं धाडस होत नाही. ग्लासगोत ताई नेहमीच लांब होती, तशी आताही लांब आहे. हॅरोला आले की ती नाही.

तुम्ही मात्र त्या घरात रोज राहता. मी याचा विचार केलाच नव्हता.

अरुणा

*

हॅरो,
८ डिसेंबर २०२४

प्रिय अरुणा,

हे पत्र घाईत लिहितोय, स्पेशल डिलिव्हरीने टाकीन.

मंगळवारी निचिनानहून फोन आला. विहीणबाई दुकानातच कोसळल्या. शेजारणीने अँब्युलन्स बोलावली. जीव वाचला आहे, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. चिहिरो त्यांची एकुलती एक. वडील ती शाळेत असतानाच वारले.

तिने रडारड केली नाही. प्रणवला म्हणाली, तिकीट बघ, मी जाते. मी मध्ये पडलो नाही, मला वाटलं या अवस्थेत जाता येणार नाही हे बोलून बोलून तिला स्वतःलाच कळेल. गुरुवारी सकाळी तिला रक्त गेलं. हॉस्पिटलमध्ये सांगितलं की बाळाची वार खाली आहे, आता बाळ होईपर्यंत इथेच झोपून राहायचं. तिसावा आठवडा आहे. लपवण्यासारखं आता काही उरलं नाही आणि तिनेच मला म्हटलं, अरुणामावशींना कळवा, त्या डॉक्टर आहेत.

काल मी भेटायला गेलो तेव्हा दोघांचं बोलणं चाललं होतं. ती प्रणवला म्हणत होती, तू जा, आईजवळ आपलं कुणीतरी हवं, ती माणसांत असूनही एकटी पडली आहे. तो म्हणत होता, मी तुला या अवस्थेत सोडून जाणार नाही. दोघांचंही बरोबर होतं. प्रणवचा चेहरा तू बघितला असतास तर तुला तो सहा वर्षांचा वाटला असता.

मी म्हटलं, "मी जातो."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. चिहिरो म्हणाली, "बाबा, तुम्हाला जपानी येत नाही."

मी म्हटलं, "तुझ्या आईला आता बोलता येत नाही. मग आम्ही दोघं सारखेच."

बोलून गेल्यावर मला वाटलं, काय हे बोललो. पण ती हसली, आणि हसता हसता त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा रडली.

बुधवारचं विमान आहे, टोकियोला बदलायचं. शेजारणीकडे दुकानाची किल्ली आहे, वरच्या खोलीत राहीन. प्रणव ऑफिस आणि हॉस्पिटल करतो आहे, घरी आला की ब्रेड खातो. अरुणा, तू इथे येशील का? मला माहीत आहे मी काय मागतोय. नाही म्हणालीस तरी माझ्या मनात काही येणार नाही.

विष्णू

*

हॅरो,
१६ डिसेंबर २०२४

भाऊजी,

या पत्राचा फोटो काढून प्रणव तुम्हाला पाठवील. त्याला म्हटलं, टाइप करायला सांगू नकोस, मी हाताने लिहिणार.

तुम्ही निघालात त्याच दिवशी मी आले. ग्लासगो सेंट्रलहून युस्टन, पुढे मेट्रोपॉलिटन लाइन. हॅरो-ऑन-द-हिलला उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर थोडं बसले. दोन गाड्या गेल्या. मग उठले, कारण प्रणव जेवला नसेल हे आठवलं.

घरात शिरल्यावर सरळ स्वयंपाकघरात गेले. कार्डिगन तिथेच आहे. तुम्ही काढलं नाहीत. मी ते खाली घेतलं, अंगात घातलं आणि वरणभाताचा कुकर लावला. घर गार होतं, दुसरं कारण नाही. आता रोज घालते.

चिहिरोची तब्येत स्थिर आहे. रक्त थांबलं आहे, बाळाचे ठोके छान आहेत. मी तिथल्या डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की आता मला बघितलं की ते स्वतःच फाइल उघडतात.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी जरा अवघडलो होतो. मी भात, तूप, मेतकूट नेलं, तिने सगळं खाल्लं. मग तिने मला विचारलं, "आई कशा होत्या?" म्हणजे ताई. त्यांची भेट लग्नात आणि नंतर दोन-तीनदाच झाली. भाऊजी, दीड वर्षात सगळ्यांनी माझं सांत्वन केलं, पण ताई कशी होती हे कुणी विचारलं नव्हतं. मी बोलत सुटले. नागपूरची शाळा, तिची सायकल, तिचं गणित, ती माझ्या वेण्या किती घट्ट घालायची. भेटायची वेळ संपली तेव्हा नर्स येऊन उभी राहिली तरी आमचं संपलं नव्हतं. चिहिरो म्हणाली, उद्या पुढचं सांगा.

आता तिकडचं. विहीणबाईंना गिळता येतं का, हे तिथल्या नर्सला विचारल्याशिवाय तोंडात काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. तुमचा उत्साह मला माहीत आहे. आणि त्यांच्याशी बोला. बोलणं गेलेल्या माणसाशी लोक एक तर ओरडून बोलतात, नाही तर बोलायचंच सोडतात. तुम्ही साध्या आवाजात बोला. भाषा कुठली याने फरक पडत नाही.

अरुणा

*

निचिनान,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय अरुणा,

तुझं पत्र फोनच्या काचेवर बोटांनी मोठं करून करून वाचलं. कार्डिगनचा भाग दोनदा.

इथे मी दुकानाच्या वर राहतो. खाली काचेचं कपाट रिकामं आहे, ट्रे घासून उपडे ठेवले आहेत. दुकान बंद असल्याची पाटी आहे, तरी सकाळी एखाददुसरी बाई येते, काचेतून आत बघते, मी दार उघडून हात जोडतो, ती कमरेतून वाकते. एकीने दारात संत्र्यांची पिशवी ठेवली आणि निघून गेली. शेजारीपाजारी सकाळी आपापल्या दारापुढे झाडतात, म्हणून मीही झाडतो.

हॉस्पिटलात पहिल्या दिवशी मी बावचळलो होतो. विहीणबाई अगदी लहानखुऱ्या आहेत, पांढरे केस, डावा हात पांघरुणावर. मी कोण हे कसं सांगणार? लग्नातला फोटो काढून दाखवला. आधी चिहिरोवर बोट ठेवलं, मग प्रणववर, मग स्वतःवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उशीवरची मान जेवढी वाकवता आली तेवढी वाकवली. मी नमस्कार केला. मग आम्ही दोघंही खिडकीकडे बघत बसलो.

तू लिहिलंस म्हणून बोलायला लागलो. मराठीत. अंडरग्राउंडच्या सिग्नलची माझी नोकरी, बर्फ पडला की काय व्हायचं, प्रणव लहानपणी कसा होता, चिहिरो करंजीला मुरड कशी घालते. त्या ऐकतात. एवढं मी शालनशीही बोललो नसेन. बोलायला हवं होतं, पण तिला माझ्या न बोलण्याची सवय होती आणि तिला ते चालायचं, असं मी मानून चालतो.

रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, चिहिरो फोनवर दिसते. आई तिच्याकडे बघते आणि पडद्यावर हात ठेवते, त्यामुळे चिहिरोला फक्त तळहात दिसतो. ती तो हलवायला सांगत नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी गिळण्याची परीक्षा घेतली. मऊ पदार्थ थोडे थोडे चालतील म्हणाले. इथे एक तरुण नर्स आहे, तिला बऱ्यापैकी इंग्रजी येतं. मी विचारलं, चीज मांजू? ती म्हणाली, आतला मऊ भाग, अगदी कणभर, आणि मी समोर असताना.

मग चिहिरो म्हणाली, बाबा, तुम्ही करा. आईच्या भटारखान्यात. मी म्हटलं, मला नाही येत. ती म्हणाली, तुम्ही दोन महिने माझ्या बाजूला बसून बघितलं आहे. फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि ती हॉस्पिटलच्या कॉटवरून सांगत गेली. मध्येच थांबायची. मला वाटायचं तिला त्रास होतोय. पण ती फक्त बघत होती. तो ओटा, ती भिंत, खिळ्याला अडकवलेला आईचा एप्रन. मग म्हणायची, हं, आता चीज.

माझे मांजू तडकले. तीन-चारांतून चीज बाहेर येऊन करपलं. त्यातल्या त्यात बरा एक निवडून रुमालात बांधून नेला.

विहीणबाईंनी तो डाव्या हातात घेतला. चाळीस वर्षं रोज हे करणारी बाई, आणि समोर मी. त्यांनी अंगठ्याने साल दाबली. नर्सकडून मोडून घेतला, आत बघितलं, वास घेतला. मग माझ्याकडे बघून स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि मांजूकडे बोट दाखवलं. मला वाटलं, कान दुखतोय. मी घाबरून नर्सकडे बघितलं, तर ती तोंडावर हात ठेवून हसत होती. म्हणाली, "त्या सांगतायत, पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. तुमचं घट्ट झालं."

नर्सने चमच्याच्या टोकावर आतलं चीज दिलं. त्यांनी ते जिभेवर धरून ठेवलं. डोळे मिटले. बराच वेळ गिळलं नाही, मग गिळलं. नर्सने मान हलवली. उरलेला मांजू त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि बोटाने खूण केली, खा.

मी खाल्ला. घट्ट झाला होता खरा.

तेव्हापासून एक दिवसाआड करतो. पीठ मळताना कान चाचपतो, माझ्या कानाला नेहमी पीठ लागलेलं असतं. काल त्यांनी साल दाबली आणि काही खूण केली नाही. म्हणजे नापास केलं नाही.

बोलणं मात्र नाही. तोंड उघडतात, आवाज येतो, शब्द होत नाही. मग त्या स्वतःवरच चिडतात आणि भिंतीकडे तोंड करतात. अशा वेळी मी बोलणं थांबवतो आणि संत्रं सोलत बसतो.

प्रणवला जेवायला घालतेस याबद्दल मी आभार मानले तर तू रागावशील, म्हणून मानत नाही.

विष्णू

*

हॅरो,
३१ डिसेंबर २०२४

भाऊजी,

प्रणवने फोनवर तुम्हाला सांगितलंच आहे, पण तो रडत होता आणि तुम्हीही, त्यामुळे नीट काही सांगितलं गेलं नसणार. म्हणून लिहिते.

काल सकाळी पुन्हा रक्त सुरू झालं. या वेळी थांबलं नाही. मी नुकताच डबा घेऊन पोचले होते. तिला ऑपरेशनला नेताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, आईला आत्ता सांगू नका. मी म्हटलं, नाही सांगत. प्रणव आत गेला. मी बाहेर होते. भाऊजी, किती तरी बायकांच्या नवऱ्यांना मी सांगितलं असेल की काळजी करू नका, सगळं ठीक होईल. त्या कॉरिडॉरमध्ये मला ते एकदाही स्वतःला सांगता आलं नाही. मी ताईशी बोलत बसले. मोठ्याने नाही.

मुलगी झाली. तेहतीस आठवड्यांची, दोन किलोला थोडी कमी. आल्या आल्या रडली. तेवढंच मला ऐकायचं होतं. आता काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी आहे, पण श्वास स्वतःचा घेते आहे. केस काळेभोर आणि उभे. चिहिरोला रक्त द्यावं लागलं, दमली आहे, पण धोका टळला. संध्याकाळी तिला खुर्चीतून पेटीपाशी नेलं. तिने आत बोट घातलं, मुलीने धरलं. ती जपानीत काहीतरी म्हणत राहिली, मी अर्थ विचारला नाही.

आज मी तिला विचारलं, काय आणू? मला वाटलं मांजू म्हणेल. म्हणाली, वरणभात.

मी इतक्यात ग्लासगोला जाणार नाही. मुलगी घरी यायला अजून काही आठवडे जातील आणि तेव्हा घरात कुणीतरी मोठं माणूस हवं. पाहुण्यांच्या खोलीत माझ्या उशा आणून ठेवल्या आहेत. तुम्ही परत आलात तरी मी असेन, तयारी ठेवा.

सोबत फोटो पाठवते आहे. आता विहीणबाईंना सांगा. चिहिरोने परवानगी दिली आहे.

अरुणा

*

निचिनान,
२ जानेवारी २०२५

प्रिय अरुणा,

नव्या वर्षाची इथे मोठी सुट्टी असते. गाव शांत आहे. आज दुपारी हॉस्पिटलात गेलो. मांजू करायला थांबलो नव्हतो.

त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. फोटो उघडून फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. काचेची पेटी, टोपी, ती नळी, चिहिरोचं बोट आणि त्याला धरलेली मूठ. त्यांनी चिहिरोचं बोट लगेच ओळखलं असणार, कारण त्या आधी बोटाकडेच बघत राहिल्या. मग मुठीकडे.

त्यांनी तोंड उघडलं. नेहमीसारखा नुसता आवाज आला. मला वाटलं आता चिडतील, भिंतीकडे वळतील. मी संत्रं हातात घेतलंसुद्धा. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, ओठ तिरके झाले, कपाळावर घाम आला. आणि शब्द आला. स्पष्ट.

"चीसाई."

नर्स पलीकडच्या पलंगापाशी होती. तिच्या हातातलं काम राहिलं. ती तशीच माझ्याकडे बघून म्हणाली, "लहान. त्या म्हणतायत, किती लहान."

विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना उत्तर हवं होतं.

मी म्हटलं, "हो. अगदी इवलीशी आहे."

मराठीतच म्हटलं. त्यांनी मान हलवली.

विष्णू